लक्ष्याच्या रेड्याचा धूर

पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला अठरा घरांचा एक पाडा आहे. तिथल्या लक्ष्याला धुरावर मांस शिजवता येतं. नुसतं येतं म्हणून भागायचं नाही. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत त्याच्यासारखं दुसऱ्या कोणाला येत नाही. एवढं एक सोडलं तर लक्ष्याबद्दल बरं बोलावं असं फारसं काही नाही. ते आधीच बोलून टाकलेलं बरं, पुढे सवड मिळायची नाही.

भिवंडीच्या अलीकडे एका शेठच्या फार्महाउसवर तो चौदा वर्षं होता. आधी माळी, मग चौकीदार, मग शेठच्या हौसेचा राखणदार. हौस म्हणजे एक लोखंडी स्मोकर. जाड पाइपाचं आडवं पिंप, त्याला झाकण, एका टोकाला धुराडं आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने जोडलेली विस्तवाची पेटी. विस्तव पेटीत, मांस पिंपात, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. ऊब आणि धूर तेवढे पेटीतून निघून मांसावरून सरकत जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. बोकडाची मांडी अशी सात-आठ तास ठेवली की हाड दोन बोटांनी ओढलं तरी सुटून येतं. शेठ मोबाइलवर बघून शिकला, लक्ष्या शेठकडे बघून शिकला, आणि वर्षभरात शेठच्या वाट्याला फक्त खायचं काम उरलं. पुढे फार्महाउस विकलं गेलं तेव्हा शेठ म्हणाला, हे धूड तुलाच घेऊन जा.

पोशेऱ्यापर्यंत ते टेम्पोने आलं. तिथून वर पायवाट. पाड्यातल्या बारा बाप्यांनी बांबूंना बांधून ते खांद्यावर वाहिलं. लक्ष्या पुढे रिकाम्या हातांनी चालला होता आणि सारखा ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होता. ते माणसांना होतं असं वाटून एकदोघे खूश झाले, तेही चढावर ठेच लागेपर्यंतच. वर पोचल्यावर बाराजणांना त्याने पाण्याचं विचारलं नाही, लोखंडाला कुठे खरचटलं ते मात्र बोट फिरवून बघितलं. चार पाय, फुगलेलं पोट, डोकं खाली घातल्यासारखी पेटी. पाड्याने त्याच दिवशी त्याचं नाव रेडा ठेवलं.

लक्ष्याला ते नाव आवडलं नाही. तो मशीन म्हणायचा. पाड्यात घरोघर चुलीवर शिंकाळं असतं, त्यात मासे, खेकडे, मांसाच्या पट्ट्या धुरात महिनामहिना लटकतात आणि पावसाळ्यात कालवणाला येतात. लक्ष्या कोणाच्याही घरात शिरला की वर बघून नाक मुरडायचा. तुम्ही मांस नाही, काजळी खाता, म्हणायचा. मग त्याचं व्याख्यान सुरू व्हायचं. लाकूड कसं पाहिजे, तर वर्षभर वाळलेलं ऐन नाहीतर जांभूळ, मनगटाएवढं फोडलेलं. पांढरा धूर म्हणजे विस्तव गुदमरला, मांस कडू झालं. चांगला धूर निळसर, झिरझिरीत, उन्हाकडे धरून बघितला तरच कळेल असा. आणि उस्तादाचा धूर तर दिसतच नाही. हे शेवटचं वाक्य तो दर वेळी बोटं नाचवत म्हणायचा. पाड्यातली पोरं त्याची नक्कल करायची, तीही बोटं नाचवत.

रेडा आला, पण तो ठेवायला सपाट जागा नव्हती. डोंगरातल्या पाड्यात माणसाला उभं राहायला जागा मिळते, आडवं पडायची मारामार. रेडा जरा कलला की चरबी एका बाजूला साचायची आणि भडका उठायचा. त्याच्या घराला लागून सपाट अशी एकच जागा होती, आणि तिथे कमूची झोपडी होती. कमू त्याची भावजय. थोरला भाऊ देवानंद काविळीत गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. कुडाची दोन खणांची झोपडी, एक चूल आणि खाली उतारावर नागलीचं एक रान, एवढ्यावर ती राहत होती. लक्ष्याने तिला दोनदा सांगून बघितलं की आमच्यात ये, एकटी कशाला राहतेस. ती म्हणाली, माझी चूल हाय. विषय तिथेच संपला, निदान तिला तसं वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. वाघदेवाला पाड्याचा मिळून एक बोकड देतात आणि त्याचे वाटे घालतात. वाटे माणशी नाहीत, चुलीगणिक. आणि चुली मोजायची या पाड्याची आपली एक रीत आहे. सकाळी ऊन टेपाडावर आलं की पाड्यातला सर्वांत म्हातारा माणूस वरच्या खडकावर उभा राहतो आणि धूर मोजतो. एक धूर, एक पळसाचं पान. जितकी पानं तितके वाटे. ज्याच्या नावाचं पान पडलं नाही तो पाड्यात राहतो, पण पाड्याचा नसतो. मयताला त्याला खांदा मिळतो, लग्नाला मांडव मिळत नाही. एकदा पान गेलं की ते परत मिळायला पुढच्या बारशीला धूर दिसावा लागतो आणि वर सगळ्या चुलींनी हो म्हणावं लागतं. एकीचा नकार पुरतो. मोजणारा म्हातारा म्हणजे सोम्याबाबा. त्याचा मोतीबिंदू जव्हारच्या शिबिरात काढला होता, तेव्हापासून त्याला घारीसारखं दिसायचं आणि तो ते सगळ्यांना सांगायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या वाघबारशीला कमू तापाने पडली होती. तीन दिवस तिची चूल पेटली नव्हती. लक्ष्याची पोरगी रविना चोरून तिला पेज नेऊन द्यायची. सोम्याबाबाने सतरा धूर मोजले, सतरा पानं मांडली आणि अठरावं उचलत म्हणाला की कमू आजारी हाय, तिचंही धरू. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा लक्ष्या उभा राहिला. वाघदेवाची रीत का माणूस बघून मोडायची, त्याने विचारलं. आज ताप म्हणून मोडली, उद्या कोणी आळस म्हणून मोडेल. धूर दिसला तर पान, नाही दिसला तर नाही. बोलायला तो तरबेज होता, आणि देवाचं नाव काढल्यावर उलट कोण बोलणार.

एवढ्यावर थांबता तर तो लक्ष्या कसला. त्याने कमूला बोलावणं धाडलं. ती रविनाच्या खांद्याला धरून, थरथरत आली. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, “वहिनी, तीन दीस कोनाचे चुलीवरचा खाल्ला?”

कमूने रविनाकडे बघितलं. पोरीचं तोंड उतरलं होतं. आपण नेलेली पेज अशी बाहेर निघेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कमूला खोटं बोलता आलं असतं, पण वाघदेवापुढे ती बोलली नाही.

“तुझे,” ती म्हणाली.

“मोठ्यानं सांग. बाबाला आईकू नाय गेला.”

“तुझे चुलीवरचा खाल्ला,” ती मोठ्याने म्हणाली आणि खाली बसली.

अठरावं पान सोम्याबाबाने बाजूला ठेवलं. चूल नाही म्हणजे घर नाही, घर नाही म्हणजे जागा थोरल्याची ती धाकट्याची. दिवाळी आटोपायच्या आत लक्ष्याने झोपडीचा कूड उपटला, चुलीचे दगड लाथेने उतारावर लोटले, जमीन चोपून घेतली आणि तिथे रेडा उभा केला. गवंड्याची पाणसळ लावून बघितली तेव्हा बुडबुडा बरोब्बर मधे आला. त्या दिवशी लक्ष्या शीळ घालत होता.

कमू गोठ्यात राहू लागली. तिला दोन वेळा जेवण मिळायचं, पायरीवर, सगळ्यांचं झाल्यावर. लक्ष्याची बायको पुष्पलता वाईट नव्हती, भित्री होती. आणि भित्र्या माणसाच्या हातून वाढलेलं जेवण वाईटाच्या हातच्याइतकंच निवलेलं असतं. पाड्यात सरकारी गॅस सगळ्यांकडे आला होता, पण बाकीच्यांच्या शेगड्यांवर आता कोंबड्या बसायच्या. भरलेला सिलिंडर लक्ष्याच्याच घरात. स्वयंपाक गॅसवर, मांस रेड्यात. घरातली चूल पेटायची ती फक्त पहाटे अंघोळीच्या पाण्यापुरती, आणि ती पेटवायचं काम कमूचं.

दिवसभर कमू गोठ्याच्या दारातून रेड्याकडे बघत बसायची. जिथे तिचं जातं होतं तिथे पेटी होती, जिथे देवानंद निजायचा तिथे धुराडं. जव्हारला सहलीला येणाऱ्या लोकांची मागणी असायची, तेव्हा आठवड्यातून दोनदा रेडा पेटायचा. लक्ष्या मांडीला मीठ, हळद, लसूण, तिखट चोळायचा, विस्तव निखाऱ्यावर आणायचा, झाकण लावायचा आणि मग तासनतास पेटीचं दार केसभर उघड, केसभर बंद करत बसायचा. धुराड्यावर हात धरून म्हणायचा, बघ वहिनी, आहे आणि दिसत नाही. ऐकायला दुसरं कोणी नसायचं म्हणून तो तिलाच शिकवायचा. ती मान हलवायची. तिला शिकवणी नीट समजत होती, हे मात्र त्याला समजलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रविनाला स्थळ आलं. मुलगा धनेश, जव्हारला आश्रमशाळेत कारकून. असं स्थळ पाड्यात कोणाला आलं नव्हतं, आणि पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. तिला लक्ष्या जिवापाड जपायचा. त्याच्या आत काही मऊ होतं तर ते तेवढंच. मुलाची आई सुनिताबाई बोलाचालीला गोड, रीतीला कडक. आम्हाला देणंघेणं नको, ती म्हणाली. वाघबारशीच्या वाट्यातला एक तुकडा तेवढा आमच्या घरी आला पाहिजे. मोजलेल्या चुलीची पोरगी आहे एवढं कळलं की झालं. लक्ष्या हसला. एक काय, दोन तुकडे देतो. त्याच दिवशी दुपारी या, आमच्या मशीनवरची मांडी खाऊन जा.

वाघबारशीच्या पहाटे त्याने रेडा पेटवला. दुपारी पाहुणे, म्हणजे चांदणी असतानाच मांडी आत गेली पाहिजे. लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं जांभळाचं. वारा पडलेला. त्या दिवशीचा विस्तव जन्मात एकदाच लागतो तसा लागला होता. झाकणावरचा उष्णतेचा काटा जागचा हलत नव्हता, आणि धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरल्यासारखी व्हायची. लक्ष्या खुर्ची टाकून बसला आणि त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरातून पुष्पलताने विचारलं की वहिनी कुठे गेली, चूल थंड आहे, पाणी कशावर तापवू. गॅसवर तापव, तो म्हणाला.

ऊन टेपाडावर आलं. सोम्याबाबाने पानं मांडली. घराघरांतले धूर पंधरा... सोळा. तो थांबला, डोळ्यांवर हात धरला. खाली नागलीच्या रानात, बांधाच्या कडेला, ओल्या लाकडांचा पांढराफेक धूर खांबासारखा सरळ उभा होता. तीन दगड मांडून कमू त्याच्यापुढे बसली होती. दगड तिने उतारावरून एकेक शोधून आणले होते. सोम्याबाबाने सतरावं पान हातात घेतलं आणि कमूला वर बोलावलं.

लक्ष्या हात पुसत वर आला तेव्हा सगळे जमले होते. घर नाही तिला, तो म्हणाला. चूल आहे, सोम्याबाबा म्हणाला. लक्ष्या म्हणाला की मग सगळ्या चुलींनी हो म्हणायला पाहिजे, आणि माझी चूल नाही म्हणते. सोम्याबाबाने मांडलेल्या पानांकडे बोट केलं आणि शांतपणे विचारलं, यातली तुझी कोणती?

तेव्हा लक्ष्याने मागे वळून आपल्या घराकडे बघितलं. कौलांवर धूर नव्हता. रेड्यावर धूर नव्हता. उस्तादाचा होता, दिसत नव्हता. त्याने सांगून बघितलं की विस्तव पेटलाय, येऊन हात लावा, पोळेल. वास घ्या, साऱ्या पाड्यात घमघमाट सुटलाय. ते खरंच होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

“वासाला पान नाय, लक्ष्या,” सोम्याबाबा म्हणाला. “धूर दिसला तं पान. नाय दिसला तं नाय. तूच बोललेला.”

मागे कोणीतरी बोटं नाचवली. बाराजणांपैकीच असावं. मग माणसं हसली, आणि त्या हसण्यात दोन वर्षांचं सगळं आलं. सोळा चुलींना कमूचं विचारलं, सोळांनी हो म्हटलं. नाही म्हणणारी एकच चूल होती, आणि ती मोजली गेली नव्हती.

लक्ष्या नरमला तो रविनाकडे बघून. पोरगी नवी साडी नेसून उभी होती. दुपारी सुनिताबाई येणार होत्या. तो कमूकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी हळू बोलला. वहिनी, तुझ्या वाट्यातला एक तुकडा पोरीसाठी दे. तिने काय केलंय तुझं.

“तिनं मना पेज घातली,” कमू म्हणाली. “रविना माझे चुलीवरची. तिचा तुकडा मी दीन. तू तसा सांग.”

लक्ष्याने मान खाली घालून पुटपुटलं की रविना कमूच्या चुलीवरची.

“मोठ्यानं सांग,” कमू म्हणाली. “बाबाला आईकू नाय गेला.”

त्याने मोठ्याने सांगितलं. पुष्पलता पदर तोंडात कोंबून ऐकत होती. मग, पाण्यात पडलाच आहे तर पोहून बघावं म्हणून असेल, किंवा खरंच एकटं राहायची भीती वाटली असेल, लक्ष्या सोम्याबाबाकडे वळला आणि म्हणाला की मग आम्हा दोघांनाही तिच्याच चुलीवर धरा. घर एक, रक्त एक.

सोम्याबाबाने कमूकडे बघितलं.

“ता माझे चुलीवर कदी जेवला नाय,” कमू म्हणाली. “वाघदेवापुढं लबाड कशाला बोलू?”

दुपारी पाहुणे आले. कमूने पानात बांधलेला तुकडा सुनिताबाईंच्या हातात दिला आणि सुनिताबाई तिच्या पाया पडल्या. माघात लग्न लागलं. पाड्याने मांडव घातला तो कमूच्या रानात, तिच्या नव्या झोपडीपुढे. निरोप घेताना ‘मोठाय’, म्हणजे मोठी आई, अशी हाक मारत रविना कमूच्या गळ्यात पडली. लक्ष्या वर रेड्यापाशी उभा होता. वऱ्हाडाला मांडी एवढी आवडली की धनेशच्या मामाने बोटं चाटत विचारलं, हा केटरिंगवाला कुठला? कोणीतरी म्हणालं, इथलाच आहे. आणि विषय बदलला.

ही झाली गेल्या वर्षीपर्यंतची गोष्ट. वर्षभर लक्ष्याने चुलीगणिक फिरून मिनतवाऱ्या केल्या. बाराजणांच्या दारी जाऊन पाणी प्यायला. माणसं विसरायला तयार असतात, विशेषतः मांडी फुकट मिळाली की. एकेक करून सोळा चुलींनी पुढच्या बारशीला हो म्हणायचं कबूल केलं. कमूच्या दारी तो तीनदा गेला. तिन्ही वेळा तिने त्याला पायरीवर बसवून जेवायला वाढलं, सगळ्यांचं झाल्यावर, म्हणजे तिचं एकटीचं झाल्यावर. त्याने ते निमूट खाल्लं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

यंदा वाघबारशीला लक्ष्याने घरातली चूल पेटवलीच, पण तेवढ्यावर विसंबला नाही. रेड्याच्या पेटीत त्याने ओला पालापाचोळा, भिजलेला पेंढा आणि कालच तोडलेल्या हिरव्या फांद्या कोंबल्या. ज्या माणसाने पांढऱ्या धुराला जन्मभर शिव्या दिल्या त्याने तो दोन्ही हातांनी केला. धुराड्यातून, झाकणाच्या फटींतून, पेटीच्या दारातून गलेलठ्ठ लोट निघाले आणि साऱ्या पाड्यावर पसरले. पोरं खोकू लागली, कोंबड्या पळाल्या, पिंपातली मांडी कडूजहर झाली. लक्ष्या काजळीने काळा होऊन, डोळे पुसत खडकाशी आला.

सोम्याबाबाने सतरा पानं मांडली आणि अठरावं हातात धरून म्हणाला की धूर तर आहे, आता चुलींनी बोलायचं. सोळा चुलींनी मान हलवली. वारा खालच्या अंगाने येत होता, रेड्याचा लोट नेमका कमूच्या तोंडावर येत होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने पदराने डोळे कोरडे केले, ते परत भरले, परत कोरडे केले, आणि जिथे तिची झोपडी होती त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.

“मना तं धूर दिसं नाय,” ती म्हणाली.

सोम्याबाबाने अठरावं पान परत ठेवलं आणि सतरा वाटे घातले.